साखरेची गोळी आणि काळजाच्या नसा

आज कर्जाचा किंवा हप्त्याचा विषय नाही. आज एका गोळीचा इतिहास सांगणार आहोत. आपल्यातल्या कितीतरी जणी ती रोज जेवणाबरोबर घेतात. आपण तिला नुसती ‘शुगरची गोळी’ म्हणतो.

हा विषय आम्ही का घेतला, ते आधी सांगतो. मागच्या उन्हाळ्यात आखाजी होऊन गेल्यावर एका गावात मासिक बैठक होती. मारुतीच्या पारावर सगळ्या खाली बसलेल्या. हप्ते जमा झाले, सह्या झाल्या. एक मावशी हप्ता देऊन उठल्या आणि उठल्या उठल्या म्हणाल्या, “मना डोयासमोर अंधारी उनी व माय.” डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणत त्या तिथेच कोसळल्या. आम्ही पाणी मारलं, लिंबाचं सरबत दिलं, पदराने वारा घातला. सगळ्यांचं एकच मत पडलं, ऊन लागलं. आमचंही तेच. आपल्याकडे वैशाखात पारा 45 च्या पुढे जातो, मग उन्हाशिवाय दुसरं काय सुचणार?

नंतर त्या घरीही दोनदा तशाच पडल्या. मुलाने जिल्ह्याच्या गावी नेलं. डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला आणि विचारलं, “मावशी, आधी हृदयाचा झटका येऊन गेलाय का?” मावशी म्हणाल्या, “नाही. छातीत कधी दुखलंच नाही.” कागद मात्र सांगत होता की झटका येऊन गेला आहे. छाती दुखली नाही, कारण दुखणं कळवणाऱ्या नसाच बधिर झाल्या होत्या. मावशींना शुगर होऊन बारा वर्षं झाली होती. गोळी एकही दिवस चुकली नव्हती.

तेव्हापासून आमच्या मनात प्रश्न होता. गोळी चालू होती, तरी नसा का गेल्या? त्याचं उत्तर शोधायला गेलो तर शंभर वर्षांचा इतिहास हाती लागला. तो सोपा करून सांगतो.

आधी नसांचं. नसा म्हणताना इथे रक्ताच्या नसा नव्हेत, मेंदूचा निरोप नेणारे मज्जातंतू. हात उचलायचा तर आपण ठरवतो आणि उचलतो. पण काळीज किती वेगाने चालायचं, घाम कधी सुटायचा, उभं राहिल्यावर रक्त डोक्याकडे कसं चढवायचं, हे आपण ठरवत नाही. त्यासाठी आपोआप काम करणाऱ्या वेगळ्या नसा आहेत. काळजाला अशा दोन प्रकारच्या नसा जातात. बैलगाडीचा विचार करा. एक नस बैल हाकते, दुसरी कासरा ओढून धरते. साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की बहुतेक वेळा आधी कासरा ओढणारी नस ढिली पडते. मग माणूस स्वस्थ बसला असला तरी ठोके भरभर पडतात. पुढे हाकणारी नसही थकते. मग उठताना रक्तदाब एकदम खाली येतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. घाम नीट सुटत नाही, म्हणून ऊन जास्त बाधतं. आणि काळजाला रक्त कमी पडलं तरी छातीतली कळ कळत नाही.

आता औषधांकडे येऊ. 1921 साली कॅनडातल्या टोरांटो शहरात बँटिंग आणि बेस्ट या दोघांनी इन्सुलिन वेगळं काढलं. जानेवारी 1922 मध्ये लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या 14 वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा दिलं आणि तो जगला. त्याआधी ज्या मुलांना लहानपणी हा आजार होई, ती वर्ष-दोन वर्षांत जात. इन्सुलिन आल्यावर माणसं जगू लागली, आणि जगू लागली म्हणून आजाराचं दुसरं तोंड दिसू लागलं. वीस-वीस वर्षं साखर अंगात घेऊन जगताना डोळे, मूत्रपिंड आणि नसा कशा झिजतात, ते डॉक्टरांनी मग पाहिलं.

गोळ्यांचा शोध तर अपघाताने लागला. 1942 साली फ्रान्समधल्या माँपेलिए गावात टायफॉइडच्या रुग्णांना एक नवं औषध दिलं जात होतं. ते घेऊन काही रुग्णांना झटके आले, काही दगावले. त्यांच्या रक्तातली साखर फार खाली गेली होती. त्यातूनच साखर उतरवणाऱ्या गोळ्यांचं एक घराणं जन्माला आलं. आपल्या सरकारी दवाखान्यात मिळणारी ग्लिमेपिराइड त्याच घराण्यातली. या गोळ्यांचा जन्मच साखर फार खाली जाण्यातून झाला, एवढं लक्षात ठेवा. पुढे ते कामाला येणार आहे.

दुसरं घराणं मेटफॉर्मिनचं. युरोपात गॅलेगा नावाची जांभळट फुलांची एक रानटी झुडूपवजा वनस्पती आहे. पूर्वी तिथले लोक ती औषधात वापरत. जनावरांनी जास्त खाल्ली तर मात्र ती विषारी ठरे. तिच्यातल्या द्रव्याशी नातं असलेलं मेटफॉर्मिन 1922 मध्ये डब्लिनच्या प्रयोगशाळेत तयार झालं आणि पस्तीस वर्षं पडून राहिलं. 1957 साली झाँ स्टर्न या फ्रेंच डॉक्टरांनी ते मधुमेहाच्या रुग्णांवर वापरून दाखवलं. त्यांनी औषधाला नाव दिलं ग्लुकोफाज, म्हणजे साखर खाणारा. त्याचंच एक भावंड होतं फेनफॉर्मिन. त्याने रक्तात आम्ल साठून माणसं दगावली. अमेरिकेने ते 1977 मध्ये थांबवलं, आपल्याकडे बंदी यायला 2003 साल उजाडलं. भावंडाच्या बदनामीत मेटफॉर्मिनही बरीच वर्षं संशयात राहिलं. 1998 मध्ये इंग्लंडमधल्या वीस वर्षं चाललेल्या मोठ्या अभ्यासाचा निकाल आला. वजन जास्त असलेल्या ज्या रुग्णांना मेटफॉर्मिन दिलं, त्यांच्यात हृदयाचे झटके सुमारे 39 टक्क्यांनी कमी होते. तेव्हापासून ही गोळी जगभर पहिल्या नंबरची झाली. स्वस्त, जुनी आणि काळजाला आधार देणारी. हे आधी सांगितलं, कारण आता तिची दुसरी बाजू सांगायची आहे.

त्याआधी काळजाच्या नसांचा पत्ता कसा लागला, ते ऐका. 1970 च्या सुमाराला स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरात युइंग आणि क्लार्क या डॉक्टरांनी साध्या तपासण्या बसवल्या. रुग्णाला मिनिटाला सहा असे खोल श्वास घ्यायला लावायचे आणि ठोके वरखाली होतात का ते पाहायचं. धडधाकट माणसाचे ठोके श्वास घेताना वाढतात, सोडताना कमी होतात. नस गेलेल्याचे ठोके घड्याळासारखे एका चालीत पडत राहतात. मग रुग्णाला झोपवून रक्तदाब मोजायचा, उभं करून पुन्हा मोजायचा. 1980 मध्ये त्यांनी जे लिहिलं ते वाचून आम्ही गप्प झालो. ज्यांच्या या नसा गेल्या होत्या आणि ज्यांना त्रासही होत होता, त्यांतले निम्म्याहून अधिक रुग्ण पाच वर्षांत गेले होते. ते रुग्ण आधीच फार आजारी होते, अनेकांची मूत्रपिंडं निकामी झाली होती आणि आजच्यासारखे उपचार तेव्हा नव्हते. पण काळजाच्या नसा हा किरकोळ विषय नाही, हे तेव्हाच ठरलं.

मग साखर आवळून धरली तर या नसा वाचतात का? 1993 साली अमेरिका-कॅनडातल्या अभ्यासाने तरुणपणी मधुमेह झालेल्यांसाठी उत्तर दिलं. साखर नीट ठेवली तर काळजाच्या नसांचं नुकसान जवळपास निम्म्याने कमी होतं. मग वाटलं, अजून आवळा. 2008 मध्ये दुसऱ्या एका अभ्यासात दहा हजारांवर वयस्कर, जुन्या रुग्णांची साखर जास्त औषधं देऊन फार खाली आणायचा प्रयत्न झाला, तर मृत्यू वाढले. तो प्रयोग मध्येच थांबवावा लागला. त्यातल्या ज्या रुग्णांच्या काळजाच्या नसा आधीच गेल्या होत्या, त्यांच्या मृत्यूचं प्रमाण इतरांच्या दीडपट ते दुप्पट होतं. म्हणजे सुरुवातीला साखर ताब्यात ठेवली तर नसा वाचतात. पण जुन्या रुग्णाच्या मागे लागून साखर पार तळाला नेणं धोक्याचं.

इथे ती माँपेलिएची गोष्ट आठवा. साखर खाली गेली की अंग इशारा देतं. घाम सुटतो, छाती धडधडते, हात थरथरतात. हे इशारे त्याच आपोआप चालणाऱ्या नसा देतात. त्या बधिर झाल्या तर इशारा येत नाही, बाई एकदम भोवळ येऊन पडते. ग्लिमेपिराइड घेऊन हरतालिकेचा निर्जळी उपास करणाऱ्या, नवरात्र उठता-बसता धरणाऱ्या, रोजे धरणाऱ्या आपल्या सगळ्याच भगिनींना आम्ही हात जोडून सांगतो. उपासाआधी डॉक्टरांना विचारा, गोळी कशी घ्यायची ते ठरवा. देव काही उपाशीपोटी गोळी घ्यायला सांगत नाही.

आता आपल्या महाराष्ट्रात या. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. शेतात राबणाऱ्या, कमी खाणाऱ्या, सडपातळ बाया. त्यांच्या बाळांचं जन्मावेळचं वजन सरासरी 2.7 किलो भरलं. इंग्लंडमधल्या बाळांचं साडेतीन किलो. पण गंमत अशी की बाळ लहान असूनही त्याच्या अंगातली चरबी त्या मानाने कमी नव्हती, मांस कमी होतं. वरून बारीक, आतून चरबी. पुढे मोठेपणी मधुमेह होण्याची पायाभरणी इथेच होते, असं त्यांचं म्हणणं. “मी तर काटकुळी, मला कशी शुगर झाली?” असं आपल्या गटातल्या बाया विचारतात, त्याचं एक उत्तर या खेड्यांतून आलं.

याच अभ्यासातून आणखी एक गोष्ट बाहेर आली. तपासलेल्या गरोदर बायांपैकी दोन तृतीयांश बायांच्या रक्तात बी-12 हे जीवनसत्त्व कमी होतं. पुणे भागातल्या मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली, तर 67 टक्के पुरुषांत ते कमी. शहरातल्या खाऊनपिऊन सुखी घरांत तर 81 टक्के. म्हणजे हा नुसता गरिबीचा प्रश्न नव्हता, ताटाचा होता. बी-12 भाकरीत नाही, डाळीत नाही, केळीत नाही, वांग्याच्या भरतात नाही. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांत असतं. आणि नसांवर जे आवरण असतं, वायरीवरच्या प्लास्टिकसारखं, ते टिकवायला बी-12 लागतं. ते कमी पडलं की पायांना मुंग्या येतात, तळपाय बधिर होतात, तोल जातो. साखरेने नसा झिजतात तेव्हाही असंच होतं. दोन्हींची लक्षणं बहिणी-बहिणींसारखी, ओळखायला कठीण.

आणि आता गोळीची दुसरी बाजू. 1971 साली बेलफास्टच्या डॉक्टरांनी बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्या 71 रुग्णांना तपासलं. त्यांतल्या 21 जणांच्या आतड्यांत बी-12 नीट शोषलं जात नव्हतं. पुढे हॉलंडमध्ये चार वर्षांहून जास्त चाललेल्या अभ्यासाचा निकाल 2010 मध्ये आला. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचं बी-12 न घेणाऱ्यांच्या तुलनेत 19 टक्क्यांनी उतरलं होतं. गोळी जितकी वर्षं आणि जितकी जास्त, तितकी ही घट वाढते. 2017 पासून अमेरिकेतल्या मधुमेह संघटनेने सांगितलं की मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचं बी-12 अधूनमधून तपासा. 2022 मध्ये ब्रिटनच्या औषध खात्यानेही तेच बजावलं. सूचना 1971 मध्येच मिळाली होती, सल्ला यायला पंचेचाळीसहून जास्त वर्षं गेली.

आता हे सगळं एकत्र ठेवून बघा. ज्या देशांत लोक रोज मांस, अंडी, चीज खातात, त्यांच्याही अंगातलं बी-12 या गोळीने उतरतं. आपल्या बाईच्या अंगात ते मुळातच कमी. त्यावर दहा-बारा वर्षं तीच गोळी.

आम्हाला यात आणखी एक गोष्ट बोचते. आपल्या गटांनी म्हशींसाठी किती कर्जं दिली! गोठे उभे राहिले, कर्जं फिटली, त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण दूध कुठे जातं? डेअरीच्या कॅनमध्ये. उरलं तर पोराला, मग घरधन्याच्या चहात. धार काढणारी बाई स्वतः काळा चहा पिते. त्या मावशींच्याही दारात दोन म्हशी होत्या. त्यांचं बी-12 तपासलं तेव्हा ते फारच कमी निघालं. दूध त्यांनी आयुष्यभर विकलं, प्यालं कधी नाही.

इथे एक गोष्ट सरळ सांगतो, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की रेडिओवरच्या बाईने गोळी बंद करायला सांगितली. मावशींच्या नसा मेटफॉर्मिनने गेल्या, असं आम्ही म्हणत नाही. बारा वर्षांच्या साखरेने नसा आणि काळीज झिजलं, बी-12 च्या कमीने त्यात भर पडली असेल. गोळी सोडण्याचा परिणामही आम्ही पाहिला आहे. दुसऱ्या एका गावातल्या वहिनींनी “गोळीने किडनी जाते” असं ऐकून सहा महिने गोळी सोडली. पायाला काटा लागला, कळलंही नाही, आणि शेवटी दोन बोटं काढावी लागली. गोळी साखरेचं काम करते, ते तिला करू द्या. नसांची काळजी आपण वेगळी घ्यायची.

आणि ती वेळेवर घ्यायची. ग्रीसमध्ये 2021 साली एक प्रयोग छापून आला. मेटफॉर्मिन घेणाऱ्या, नसा दुखावलेल्या आणि बी-12 कमी असलेल्या 90 रुग्णांपैकी निम्म्यांना वर्षभर बी-12 ची गोळी दिली. त्यांच्या पायांच्या वेदना आणि नसांच्या तपासण्या सुधारल्या. पण काळजाच्या नसांच्या तपासण्यांत त्या वर्षात म्हणावा असा फरक पडला नाही. पायाची नस थोडी सावरते, काळजाची गेलेली नस सहजासहजी परत येत नाही. मावशींचंही तसंच. बी-12 सुरू झाल्यावर पायांच्या मुंग्या कमी झाल्या, पण उठताना आजही खाटेच्या काठावर दोन मिनिटं बसूनच उठतात.

नवीन गोळ्यांबद्दल थोडंसं. 2015 पासून लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्यांनी हृदयाच्या रुग्णांचे मृत्यू कमी होतात, हे दिसून आलं. त्यांतल्या काहींची पेटंटं संपल्यामुळे आपल्याकडे त्या स्वस्तही झाल्या आहेत. काळजाच्या नसांना त्यांचा किती फायदा होतो, यावर अभ्यास चालू आहेत, पक्का निकाल आलेला नाही. पण त्यांनी लघवी जास्त होते आणि अंगातलं पाणी कमी होतं. कापूस वेचणाऱ्या, केळीच्या बागेत दिवसभर उभ्या असणाऱ्या बाईला ही गोळी चालू असेल तर पाण्याची बाटली सोबत हवीच.

आता करायचं काय? गाव पातळीवर सरकारी तपासणीत तिशीच्या पुढच्या सगळ्यांची शुगर आणि बीपी तपासतात, आशाताई त्यासाठी फॉर्म भरून घेतात. तिथे जाऊन दोन प्रश्न विचारायचे, पाठ करून ठेवा.

पहिला प्रश्न: “डॉक्टर, मी इतकी वर्षं मेटफॉर्मिन घेते. माझं बी-12 तपासायचं का?” प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी होत नसेल तर कुठे होईल ते विचारा. कमी निघालं तर गोळी किंवा इंजेक्शन किती घ्यायचं, ते डॉक्टर ठरवतील.

दुसरा प्रश्न: “माझं बीपी झोपवून आणि उभं करून, दोन्ही वेळा बघता का?” पाच मिनिटं आडवं पडून एकदा मोजायचं. मग उभं राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा. वरचा आकडा 20 किंवा त्याहून जास्त उतरला तर डॉक्टरांना तो दाखवा. याला पैसा लागत नाही, फक्त आठ-दहा मिनिटं लागतात. एडिंबराच्या डॉक्टरांची तपासणी आपल्या उपकेंद्रात होऊ शकते.

आणि काही खुणा ध्यानात ठेवा. बसल्या जागी ठोके शंभराच्या वर पडतात. उठताना अंधारी येते. जेवताना फार घाम येतो, पण उन्हात येत नाही. शुगर असलेल्या बाईला छातीत न दुखता एकाएकी दम लागला, फार थकवा आला, मळमळ झाली, घाम फुटला, तर “ॲसिडिटी असेल” म्हणून सोडा पाजत बसू नका. 108 ला फोन करा.

आमच्या गटांनी एक ठराव केला आहे. मासिक बैठकीच्या वहीत हप्त्यांच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखला. शुगरची गोळी घेणाऱ्या बाईचं बी-12 आणि उभ्याचं बीपी वर्षातून एकदा झालं की नाही, तिने हो म्हटलं तर तिथे खूण करायची. आकडा लिहायचा नाही, तो तिचा खाजगी. आणि म्हशीचं कर्ज देताना आम्ही आता एक अट तोंडी घालतो, धार काढणारीने रोज एक पेला दूध स्वतः प्यायचं. बाया हसतात. एक वहिनी म्हणाल्या, “सासूबाईंना कोण सांगणार?” आम्ही म्हटलं, गटाचा ठराव आहे म्हणून सांगा.

त्या दिवशी पारावर आम्ही मावशींना पदराने वारा घातला आणि ऊन लागलं म्हणून मोकळ्या झालो. आता बैठकीत कुणी उठताना डगमगली तर आधी विचारतो, शुगर आहे का, गोळी किती वर्षं चालू आहे, बी-12 बघितलं का. तुमच्याही बैठकीत हे तीन प्रश्न विचारा.

गोळी वेळेवर घ्या, उठताना सावकाश उठा, आणि आज संध्याकाळच्या धारेतला एक पेला स्वतःसाठी बाजूला काढा.